टायमिंग अण्णा

निपाणीत हमरस्त्याच्या कडेला चहासाठी मोटारसायकल थांबवलीत आणि इंजिन बंद करायला किल्लीकडे हात नेलात, की टपरीच्या बाकावरून हुकूम सुटतो, "बंद करू नगंस. ऱ्हाऊ दे चालू."

हुकूम सोडणारा गृहस्थ उठत नाही. आधी बशीत उरलेला चहा संपवतो. मग मान डाव्या खांद्यावर कलती करतो, डोळे मिटतो आणि पत्रिकेत मंगळ सापडलेल्या गुरुजींसारखा चेहरा करून एकच शब्द उच्चारतो, "टायमिंग."

नवखा माणूस मनगटाकडे बघून सांगतो, "साडेदहा."

"येळ न्हाई इचारली गा. टायमिंग चेन. ढिली पडलीया. टेन्शनर गेलाय. बेळगाव गाठशील, फुडचं मी सांगत न्हाई."

हा आमचा टायमिंग अण्णा. त्याचं खरं नाव रेशनकार्डावर आणि मतदारयादीत आहे. पण यादी कानडीत छापलेली असल्यामुळे ते त्याला स्वतःलाही वाचता येत नाही, आणि आम्हा बाकीच्यांचं त्यावाचून काही अडलेलं नाही. वय पंचावन्नच्या पुढेमागे. अंग काटक. कान मात्र देवाने सढळ हाताने दिलेले; हेल्मेट घालताना एकेक करून आत सारावे लागतात. पाठीमागे पँटच्या पट्ट्यात हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर खोचलेला. हा स्क्रू ड्रायव्हर आजवर एकाही स्क्रूला लागलेला नाही. त्याचं टोक इंजिनच्या हेडवर टेकवायचं, मूठ कानाजवळच्या हाडाला लावायची आणि श्वास रोखायचा, एवढंच त्याचं काम. पद्धत खोटी नाही. चांगले मेस्त्रीही असंच ऐकतात, कारण आतला आवाज लोखंडातून थेट हाडापर्यंत येतो. फरक इतकाच की मेस्त्री चार जागी टेकवून बघतो. अण्णा एकाच जागी टेकवतो. निकाल आधी लागलेला असतो, पुरावा मागाहून गोळा करायचा असतो.

घरात वारसा खरा नाकाचा. निपाणी ही विडीच्या तंबाखूची पेठ, आणि अण्णाचे वडील वखारीत माल पारखायचे. चिमूटभर तंबाखू तळहातावर चोळायची, नाकाशी न्यायची आणि शिवाराचं नाव सांगायचं. त्यावर दर ठरायचा. अण्णाला वखारीच्या दारातच शिंका सुरू व्हायच्या. एकुलता एक मुलगा नाकाने वाया गेला, हे वडिलांना शेवटपर्यंत लागून राहिलं. पारख तर घराण्यात होतीच. ती बाहेर पडायला दुसरं भोक शोधत होती.

ते कधी सापडलं, हे अण्णा साल धरून सांगतो. 1981. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकऱ्यांनी निपाणीजवळ याच हमरस्त्यावर ठाण मांडलं आणि पुणे-बंगळूर वाहतूक थांबली. अण्णा तेव्हा दहा-बारा वर्षांचा. "जल्मल्यापास्नं कानात ट्रकांची घरघर. तवा पैल्यांदा रस्ता गप झाला बघ. आन एक गडी सायकलवरनं गेला. त्येच्या चेनची करकर मला पार वळणापतोर ऐकू आली. म्हटलं, हिला त्याल पायजे." ते आंदोलन पुढे पोलिसांच्या गोळीबारापर्यंत गेलं, माणसं गेली. अण्णा गोष्ट सायकलच्या चेनीवरच थांबवतो.

आता ज्यांनी इंजिन आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं. चार स्ट्रोकच्या इंजिनात खाली क्रँक फिरतो, वर हेडमध्ये कॅम फिरतो. कॅमने व्हॉल्व्ह उघडायचे. एकाने हवा-पेट्रोल आत घ्यायचं, दुसऱ्याने धूर बाहेर सोडायचा, आणि पिस्टन वर पोचायच्या आत दोघांनी वाटेतून बाजूला व्हायचं. हा खालच्या-वरच्याचा मेळ राखते ती टायमिंग चेन, उर्फ कॅम चेन. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक. हमरस्त्यावर इंजिन मिनिटाला 5000 फेऱ्यांनी पळत असेल, तर एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला चाळिसाहून जास्त वेळा उघडमीट करतो. एवढ्या धावपळीत चेन झिजणार. ती ताणली असं आपण म्हणतो, पण पोलाद काही रबर नव्हे. तिच्या प्रत्येक कडीतली पिन केसभर झिजते, आणि सगळ्या कड्यांची झीज एकत्र झाली की चेन लांब झाल्यासारखी ढिली पडते. हा ढिलेपणा खाऊन टाकायला चेनच्या सैल बाजूला एक वाकडी पट्टी असते, आणि त्या पट्टीला पाठीमागून रेटणारा, अंगठ्याएवढा, स्प्रिंगवर पुढे सरकणारा खुंटा म्हणजे टेन्शनर. त्याने फक्त पुढे सरकायचं. मागे यायचं नाही.

अण्णाचं निरूपण याहून सोपं आहे. "बाज वापरून वापरून झोळ येतोय का न्हाई? मग पायथ्याची दोरी वढतोस. हितं ती दोरी वढायला एक म्हातारा आत बसवलाय. म्हातारा पेंगला, की बाज करकरली."

हे मी बऱ्याच पुस्तकी वर्णनांपेक्षा बरं मानतो. म्हातारा पेंगतो म्हणजे स्प्रिंग दमते, किंवा खुंट्याचे आटे झिजतात. लांबच्या प्रवासाच्या गाड्यांचं यात विशेष असं की त्या तासन्‌तास एकाच गतीने पळतात. खुंटा त्याच जागी थरथरत राहतो आणि तिथेच झिजतो. मग सकाळी गार इंजिन चालू केलं की डब्यात चिंचोके खुळखुळल्यासारखा आवाज येतो. काही गाड्यांत टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. तिथे दाब चढेपर्यंत दोन-चार सेकंद खुळखुळ होणं रीतीचंच आहे. पण ती थांबेनाशी झाली आणि तरीही तुम्ही दामटलंत, तर एखाद्या दिवशी चेन चक्राच्या एका दातावरून उडी मारते. व्हॉल्व्ह वाटेतून बाजूला व्हायच्या आत पिस्टन तिथे येऊन पोचतो. पुढचं बिल वाचायला खाली बसावं लागतं.

म्हणून अण्णाच्या त्या एका शब्दाने माणसं पांढरी पडतात. तो "पंक्चर" म्हणाला असता तर कुणी घाबरलं नसतं, आणि कुणी त्याला चहाही पाजला नसता.

गंमत म्हणजे त्याचं कधीकधी बरोबर निघतं. निपाणीवरून जाणाऱ्या गाड्या पुण्या-मुंबईहून गोव्याला, हंपीला, थेट कन्याकुमारीला निघालेल्या. भरपूर पळालेल्या, सामानाने वाकलेल्या. दहा गाड्यांना एकच रोग सांगितला की एखादीला तो असायचाच. याला आपण बोलाफुलाला गाठ म्हणतो. अण्णा याला कान म्हणतो.

एकदा पुण्याचे बारा स्वार एकदम थांबले. गुडघ्याला कोपराला कवचं, हेल्मेटला कॅमेरे, पाठीवर नळी लावून पाणी पिण्याच्या पिशव्या. अण्णाने ओळीने बाराही गाड्या ऐकल्या. शाळेत तपासणीला आलेले डेप्युटीसाहेब फळ्यासमोरून जातात तसा तो हात मागे बांधून फिरला. बारापैकी नऊंना टायमिंग. उरलेल्या तिघांना काय, तर "हुईल". त्यांचा म्होरक्या बाजूला जाऊन फोनवर कुणाशी तरी इंग्रजीत बोलला. मग टपरीमागे त्यांची बैठक झाली, आवाज चढले, आणि दोघेजण निपाणीहून माघारी गेले. दहा जणांनी कन्याकुमारीला समुद्राच्या पार्श्वभूमीवर दहा गाड्या उभ्या करून फोटो काढला आणि टपरीवाल्याच्या फोनवर मुद्दाम पाठवला. टपरीवाल्याने तो सगळ्यांदेखत अण्णाच्या नाकासमोर धरला.

अण्णाने फोटो नीट, शांतपणे बघितला. "फोटूत आवाज कुठं यतोय?"

दुसरी गोष्ट जुन्या बुलेटची. चिकोडीकडचे एक गूळ व्यापारी, वडिलांच्या वेळची लोखंडी बोअरची बुलेट, लेकरासारखी जपलेली. अण्णाने तिलाही स्क्रू ड्रायव्हर लावला आणि टायमिंग चेन सांगितली. व्यापारी बिचारे घाबरून गाडी टेम्पोत घालून बेळगावला घेऊन आले. मेस्त्री इतका हसला की त्याला पाना खाली ठेवावा लागला. जुन्या बुलेटला टायमिंग चेन नसतेच. खाली दातेरी चक्रं असतात आणि तिथून दोन उभ्या सळया वर व्हॉल्व्हपर्यंत जातात. व्यापारी परतताना टपरीवर उतरले आणि चार माणसांत अण्णाला म्हणाले, "अहो, हिला चेनच न्हाई म्हणं!"

"मग?" अण्णा म्हणाला. "म्हणूनच आवाज यालाय. असती तर आला नसता."

यावर व्यापाऱ्यांनी अण्णाला चहा पाजला. मी तिथे होतो.

आता अण्णाच्या स्वतःच्या गाडीविषयी. तिच्या नंबर प्लेटवर के. ए. 23 आहे, टाकीवर देवाचा छोटा फोटो आहे, आणि ती यामाहा आर. एक्स. 100 आहे. ही गाडी आपल्याकडे 1985 ते 1996 या काळात निघाली. चांगली राखलेली असेल तर आज तिला नव्या गाडीची किंमत मागतात आणि देतातही. अण्णाची चांगली राखलेली आहे. ती दोन स्ट्रोकची आहे. दोन स्ट्रोकच्या त्या इंजिनात पिस्टनच वर-खाली होताना बोअरची भोकं उघडतो आणि झाकतो. कॅम नाही. हेडमध्ये व्हॉल्व्ह नाहीत. कॅम नाही म्हणून कॅम चेन नाही, आणि चेन नाही म्हणून टेन्शनर नाही. तीस वर्षं हा माणूस ज्या एका पुर्ज्यावर अधिकारवाणीने बोलतो आहे, तो पुर्जा त्याच्या घरात कधी नव्हताच.

हे मी त्याला एकदा बोलून दाखवलं. तो गडबडला नाही. "डागदरला सोताला रोग झाल्यालाच पायजे का?"

मला वाटतं, हा त्याच्या एकट्याचा दोष नाही, त्याच्या पिढीचा आहे. आमच्या भागात चार स्ट्रोकची, शंभर सीसीची गाडी घरोघरी आली ती 1985 नंतर, सीडी 100 आणि मग स्प्लेंडर. त्याआधी रस्त्यावर म्हैसूरची जावा आणि येझदी, राजदूत, बुलेट. यातल्या एकीलाही टायमिंग चेन नाही. त्यामुळे हा शब्द गावात आला तो नव्या रोगाच्या नावासारखा. जसं पूर्वी माणूस नुसता 'पोटात दुखून' जायचा आणि मग एकाएकी सगळ्यांना अपेंडिक्स झालं. नवं नाव कळलेला पहिला माणूस गावात काही वर्षं वैद्य असतो. अण्णाने ती वर्षं जरा लांबवली.

त्याचं ओझं पडलं ते आमच्या बेळगावच्या मेस्त्रीवर. फोर्ट रोडच्या मागे एका बोळात त्याचं गॅरेज आहे. मराठी, कानडी, उर्दू या तिन्ही भाषा तो एकाच वाक्यात वापरतो, आणि शिव्या फक्त पान्याला देतो, गिऱ्हाइकाला नाही. भिंतीवर त्याने खडूने दोन भाषांत लिहून ठेवलंय: 'रोगाचं नाव सांगू नये. आवाज कधी येतो ते सांगावं.' ही पाटी निपाणीच्या गिऱ्हाइकांसाठी आहे.

डिसेंबर 2022 मध्ये माझ्यावर ती वाचायची पाळी आली. मी चोर्ल्याच्या घाटातून गोव्याला जाऊन आलो होतो. गाडीचे 38 हजार किलोमीटर पुरे झाले होते. आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी चालू केली तर चिंचोके. पुढच्या रविवारी कोल्हापूरहून येताना निपाणीत थांबलो. अण्णाने सांगायचं ते सांगितलं. तीन वर्षं तो मला तेच सांगत होता, म्हणून मी ते तीन वर्षं सोडलं होतं तसंच याही वेळी सोडून देणार होतो. पण चिंचोके काही सोडेनात.

मेस्त्रीकडे गेलो. तोंड उघडायच्या आत त्याने विचारलं, "निपाणीत चहा घेतला काय, सर?"

"घेतला."

"मग टायमिंग." आणि पाटीकडे बोट.

मी पाटी वाचली आणि आवाज सकाळी येतो असं सांगितलं. "गाडी हितं ठेवून जावा. उद्या गार असतानाच ऐकतो." दुसऱ्या दिवशी मी साडेआठला हजर. त्याने चालू केली, ऐकली, बंद केली. आधी सायलेन्सरच्या पत्र्याचा बोल्ट हलवून बघितला. मग ऑइलची पट्टी काढून फडक्यावर टेकवली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "ऑइल कधी बदललात?"

"मध्यंतरी."

"कुठल्या मध्यंतरी?" मी गोव्याच्या समुद्राविषयी काहीतरी बोललो. ऑइल खुणेच्या खाली होतं आणि रंगाने काकवीसारखं. टायमिंग चेनला जगवतं ते ऑइलच. ते घाण झालं की तीच घाण पिना घासत बसते. नंतर त्याने टापेट मोजले. ते ठीक निघाले. तेव्हा कुठे टेन्शनरकडे वळला, तेही लगेच नाही. मॅग्नेटची टोपी काढून क्रँक हाताने फिरवला आणि पिस्टन वर, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले, अशा खुणेवर आणून ठेवला. हे न करता टेन्शनर उपटला तर सुटी पडलेली चेन तिथल्या तिथे दात चुकवते, आणि मग जो रोग नव्हता तो मेस्त्रीच्या हातून होतो. त्यानंतर दोन बोल्ट, आणि टेन्शनर त्याच्या तळहातावर. बाहेर आलेला खुंटा त्याने अंगठ्याने दाबला. खुंटा निमूट आत गेला.

"हा आत जाऊ नये," तो म्हणाला. "मी दाबलो, गेला. चेन दाबली तर जाणारच की."

म्हणजे अण्णा बरोबर होता. आम्ही दोघेही थोडा वेळ गप्प बसलो. मेस्त्रीला ते जास्त लागलं असावं, कारण त्याने पान्याला दोन शिव्या दिल्या.

नवा टेन्शनर बेळगावात मिळेना. मी म्हटलं, उद्यमबागेत लेथवर एक लांब बोल्ट करून घेऊ, नट लावू, हाताने आवळू. काही लोक असं करतात. उद्यमबागेत काय वाट्टेल ते कातून मिळतं, खरंच. मेस्त्रीने मला एका कॉलेजच्या पोराची गोष्ट सांगितली. त्याने असाच बोल्ट करून घेतला आणि आवाज पुरता जाईपर्यंत आवळला. आवाज गेला. महिन्याने पट्टीचं रबर कुरतडून ऑइलमध्ये आलं. "चेनला थोडा मोकळेपणा लागतो, सर. बायकोमुलांना लागतो तसा." हे त्याने मराठीत सांगितलं, पुढचं उर्दूत होतं, ते इथे नको.

कोल्हापुरात एका दुकानात पुर्जा होता. बेळगाव ते कोल्हापूर सव्वाशे किलोमीटरच्या आत; एसटीच्या कंडक्टरच्या हाती डबा द्यायचा आणि स्टँडवर उतरवून घ्यायचा, ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची कुरियर सेवा. पण नेमका तोच आठवडा. 1956 साली राज्यांच्या पुनर्रचनेत बेळगाव-निपाणी म्हैसूर राज्यात गेली तेव्हापासूनचा हा महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद. 1966 साली त्यावर महाजन आयोग बसला, 2004 पासून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि मधूनमधून ते रस्त्यावर येतं. त्या डिसेंबरात बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोल नाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली आणि कर्नाटकात येणाऱ्या एसटी बंद झाल्या. सीमेवर टेन्शन, म्हणून टेन्शनर अडकला. (हा विनोद माझा नाही. त्या आठवड्यात तो मला सात जणांनी ऐकवला, सातही जण स्वतःचा म्हणून.)

शेवटी कागलच्या एका पाहुण्याने डबा कोगनोळीपर्यंत आणला आणि तिथून उचलायला मी अण्णाला फोन केला. मनात होतं, तो निपाणीत ठेवून घेईल. तो म्हणाला, "ठिवून काय घिऊ? मी आणतो की. आपरेशनला मी नगं व्हय?"

आणि खरंच आला. डिसेंबरची थंडी, तवंदीचा घाट, संकेश्वर, हत्तरगी, वंटमुरीचा घाट, काकती. पाऊणशे किलोमीटरच्या आसपास, त्या आर. एक्स. वर, कानटोपीवर हेल्मेट चढवून, डबा शर्टाच्या आत पोटाशी धरून. बोळाच्या तोंडाशी आर. एक्स. चा टणटणाट ऐकू आला तेव्हा मेस्त्रीने हात पुसले आणि मला विचारलं, "हेच काय ते?" इतकी वर्षं एकमेकांच्या नावाने खडे फोडणारी ही दोन माणसं तोवर एकमेकांना कधी भेटलेली नव्हती. भेटली तेव्हा मेस्त्रीने चहा मागवला. अण्णाने भिंतीवरची पाटी वाचली, मान डोलावली आणि म्हणाला, "बराबर हाय."

डबा मेस्त्रीने फोडला. कागदाच्या घडीतून टेन्शनर निघाला. नवा, चकचकीत, सोबत पातळ पॅकिंग. मेस्त्रीने तो बघायला म्हणून अण्णाच्या हातावर ठेवला.

अण्णाने तो उलटा केला. सुलटा केला. अंगठा आणि तर्जनीत धरून उजेडाकडे नेला. बराच वेळ काही बोलला नाही. मग मुलाने मोठं झाल्यावर आजोळचं अंगण बघावं तशा आवाजात म्हणाला, "एवढासाच?"

बोळात कुणी काही बोललं नाही. मेस्त्रीचा चहाचा पेला ओठाशीच थांबला. "अण्णा," त्याने अगदी हळू विचारलं, "ह्याच्या आदी कधी बघितला न्हवतात?"

"ऐकला हुता की."

मेस्त्री हसला असता तर मी समजू शकलो असतो. तो हसला नाही. त्याने स्टूल पुढे ओढलं, अण्णाला इंजिनच्या अगदी जवळ बसवलं आणि हळूहळू, शाळेत दाखवतात तसं, सगळं दाखवलं. मधला छोटा बोल्ट काढून बारीक स्क्रू ड्रायव्हर आत घातला, फिरवला. खुंटा गोगलगाईसारखा आत गेला. सोडला, टपकन बाहेर. अण्णाने स्वतः चार वेळा करून बघितलं. नंतर अंगठ्याने दाबला. गेला नाही. पुन्हा दाबला. "म्हातारा जागा हाय," तो म्हणाला. मग पॅकिंग ठेवून, खुंटा आत धरूनच दोन बोल्ट आवळले, आणि मधला स्क्रू ड्रायव्हर सोडला तेव्हा आत कुठेतरी 'टक्‌' झालं. मेस्त्रीने क्रँक हाताने दोन पुरे फेरे फिरवून खुणा जुळतात का ते पाहिलं, मग ऑइल बदललं, आणि बटण दाबायचा मान अण्णाला दिला.

गाडी चालू झाली. अण्णाने मागून लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, हेडला टेकवला, मूठ कानाशी, डोळे मिटलेले. मेस्त्री हात बांधून उभा. मी तर देवाचं नाव घेत होतो, कारण हा माणूस आता काहीही म्हणू शकला असता.

"गप हाय," अण्णा म्हणाला आणि डोळे उघडले. चेहरा थोडा उतरला होता.

निघताना त्याने जुना टेन्शनर मागून घेतला. मेस्त्रीने तो रॉकेलमध्ये धुऊन दिला. अण्णाने बोल्टाच्या भोकातून कडी घालून तो आर. एक्स. च्या किल्लीला अडकवला, म्हणजे आता त्याच्या गाडीलाही टेन्शनर आहे. मेस्त्रीकडे निपाणीहून येणारी गिऱ्हाइकं कमी झालेली नाहीत. पाटी पुसलेली नाही. टपरीवर अण्णा आता निकाल सांगताना किल्ली काढून दाखवतो, "हे बघ, असा असतोय," आणि मग कन्याकुमारीला निघालेली माणसं पूर्वीपेक्षा जास्त घाबरतात.

पण एक झालंय. आर. एक्स. चालू असली की तो लोंबता टेन्शनर मीटरच्या डब्यावर आपटत राहतो आणि खडखड असा आवाज येतो, डब्यात चिंचोके असल्यासारखा. तो आम्हाला सगळ्यांना ऐकू येतो, टपरीवाल्यालाही येतो. अण्णाला अजून आलेला नाही. निपाणीत थांबलात तर कृपा करून तुम्ही सांगू नका.